तपासणीसाठी ठेवलेल्या सहा शीट्स

तन्मय आणि मैत्रेयी,

गेल्या रविवारी तन्मयने फोनवर विचारलं, "आजी, ते पान आता बंद करून टाकू का?" मी म्हटलं, आठ दिवस थांब. आठ दिवस उद्या पुरे होतात, म्हणून आज लिहायला बसले आहे. मैत्रेयीला मराठी अक्षरं लावून वाचायला वेळ लागतो. आईला वाचून दाखवायला सांग, पण तिला मध्येमध्ये 'सो स्वीट' म्हणू देऊ नकोस. यात स्वीट काही नाही. मी चिडलेली आहे.

चिडले आहे ती तुमच्या वसंतआजोबांवर. मागच्या दिवाळीत त्यांनी आणि मी ठरवलं होतं की आपण चौघं रविवारी सकाळी जो खेळ खेळतो त्यावर वर्षभर मराठीत लिहायचं, महिन्याला एक लेख. त्यासाठी तन्मयने इंटरनेटवर पान काढून दिलं. त्या पानावर 'जानेवारीपासून दर महिन्याला एक लेख' एवढी आमची घोषणा आहे आणि तिच्याखाली काहीही नाही. आता ऑगस्ट संपत आला. वसंतआजोबांना जाऊन पाच आठवडे झाले.

पान कोरं का राहिलं ते मलाही ते गेल्यावरच कळलं. तुम्हाला सांगायचं तर मला त्यांच्याशीच बोलावं लागेल, कारण भांडण त्यांच्याशी आहे आणि अर्धवट राहिलं आहे. तुम्ही बाजूला बसून ऐका.

भाऊजी, तुम्ही माझे धाकटे दीर. बिबवेवाडीतल्या याच इमारतीत, याच मजल्यावर, समोरच्या दारात तुम्ही सव्वीस वर्षं राहिलात. तुमच्या दाराची कडी वाजली की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. रोज चार वाजता तुम्ही चहाला यायचात, पावणेपाचला जायचात. त्या पाऊण तासात तुम्ही मला महापालिका, गुडघे, नवीन पूल आणि खालच्या किराणा दुकानदाराचा स्वभाव यांबद्दल सगळं सांगितलंत. जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून.

आधी खेळाचं. चार वर्षांपूर्वी मुलं कॅनडाहून सुट्टीला आली होती आणि जाताना तन्मय त्याचं जाडजूड नियमांचं पुस्तक आणि फाशांची पिशवी इथे विसरून गेला. पुस्तक इंग्रजीत, बारीक टाइपात, तीनशेवर पानांचं. बाबांनी मला येरवड्याहून दोन बसेस बदलून कॉन्व्हेंटमध्ये पाठवलं ते अशी पुस्तकं वाचता यावीत म्हणून नव्हे, पण मी वाचलं. ते छापखान्यात खिळे जुळवायचे आणि म्हणायचे, छापलेलं शेवटपर्यंत वाचावं, कुणीतरी उभं राहून जुळवलेलं असतं. मी पेन्सिल घेऊन नियमांवर खुणा केल्या. तुम्ही फक्त नकाशे बघितलेत.

"वहिनी, हा जिना चुकलाय."

"गोष्टीतला आहे भाऊजी तो."

"गोष्टीतल्या माणसाला पाय नसतात का? इथे वळायला जागाच नाही."

पंधरा दिवसांनी तुम्ही स्वतःचा नकाशा घेऊन आलात. कात्रजच्या तळ्यापासून पेठांपर्यंत पाणी आणणारा जुना भुयारी नळ आहे ना, तसाच एक नळ एका निनावी शहराच्या पोटात. मध्येमध्ये हवेसाठी वर उघडणारे उसासे, गाळ बसायच्या टाक्या, वाकून जायच्या वाटा. सगळं मापात, बाजूला स्केल. शहराचं पाणी एका सकाळी बंद झालं आहे आणि तिघांनी आत उतरून का ते शोधायचं आहे. तिघं म्हणजे तन्मय, मैत्रेयी आणि मी.

माझ्या वयाच्या बाईला हा खेळ समजावताना मी असं सांगते: एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट चालवणाऱ्याला मी सूत्रधार म्हणायचे. तुम्हाला तो शब्द नाटकी वाटायचा, तुम्ही स्वतःला फोरमन म्हणवून घेतलंत. दर रविवारी साडेसात वाजता आमची सकाळ आणि कॅनडाची शनिवार संध्याकाळ एका पडद्यावर यायची, आणि तुम्ही जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करून त्यामागे फासे टाकायचात.

लिहायची कल्पना तुमचीच. तुम्ही एकदा सदाशिव पेठेतल्या एका कॅफेत जाऊन आलात. तिथे कॉलेजातली मुलं हाच खेळ खेळतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मुलांनी तुम्हाला 'सर, प्लीज सर' करून बसवलं, एका चोराचं पात्र दिलं, कोल्ड कॉफी पाजली. परत आलात ते तावातावाने.

"सगळं इंग्रजीत, वहिनी. तलवार उपसली की 'आय अटॅक'. एवढंच. मराठीत इतक्या शिव्या नुसत्या पडून आहेत."

"मग तुम्ही शिकवायचं होतं."

"शिकवणार कसं? मराठीत ह्या खेळावर एक ओळ नाही. आपल्या खालच्या मजल्यावरच्या पोरांना खेळायचं झालं तर आधी ते तीनशे पानांचं पुस्तक वाचायचं? त्यांच्या घरात तुमच्यासारखी वहिनी नाही."

ते स्तुतीसारखं वाटलं म्हणून मी हो म्हटलं. दिवाळीच्या पाडव्याला चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आपण बसलो. मी तक्ता आखला: महिना, विषय, लिहिणार कोण, तारीख. तुम्ही तक्त्याकडे बघत राहिलात.

"वहिनी, हे लेखन आहे की रजेचं रजिस्टर?"

"तक्ता नसेल तर तुम्ही मार्चमध्ये अजून पहिल्या वाक्यावर असाल."

"असेन. पण चांगल्या वाक्यावर असेन."

विषम महिने तुमचे, सम महिने माझे. तुम्हाला विषयच नको होते. रविवारी खेळात जे घडेल त्यावर सोमवारी लिहायचं, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, वाचणाऱ्याला आधी हा खेळ काय आहे ते कळायला हवं, मग पात्र कसं करायचं, मग नकाशा, मग फासे. क्रमाने. जानेवारीचा लेख गेल्याशिवाय फेब्रुवारीचा जाणार नाही, हा नियम माझा, आणि तो मी लाल शाईने तक्त्याखाली लिहिला. तुमचे लेख मी तपासायचे हेही ठरलं. ते तर तुम्हीच सुचवलंत. "तपासल्याशिवाय माझं काही बाहेर जात नाही. आयुष्यात गेलं नाही," असं म्हणालात. मी त्याचा अर्थ तुम्हाला शुद्धलेखनाची भीती वाटते असा लावला.

मग जानेवारी गेला. फेब्रुवारीचा माझा लेख तयार होऊन फायलीत बसला. मी रोज चहा ओतताना विचारायचे.

"भाऊजी, जानेवारीचं काय झालं?"

"तयार आहे की."

"मग आणा."

"या मग."

"मी कुठे येऊ? तुम्ही आणा."

"या की एकदा. किती दिवसांत आला नाहीत घरी."

हे संभाषण किती वेळा झालं ते मोजलेलं नाही. मला वाटायचं तुम्ही विषय बदलता आहात. शिंपी 'फक्त बटणं राहिली आहेत' म्हणतो तसं तुमचं 'तयार आहे'. आणि तुमच्या घरी येऊन बसायचं कुठे? प्रत्येक खुर्चीवर वर्तमानपत्रं, पेन्सिलीचा भुसा, मध्ये तो प्रचंड ड्रॉइंग बोर्ड. मी आले नाही. मार्चमध्ये मी तुम्हाला आळशी म्हटलं. मे महिन्यात म्हटलं की ज्यांना नोकरीत कुणी तारीख दिली नाही त्यांचं असंच होतं. तुम्ही कप ठेवलात आणि म्हणालात, "आम्हाला तारखा असायच्या, वहिनी." आणि दहा मिनिटं लवकर उठून गेलात. त्या दिवशी तरी सांगायचं होतंत.

जुलैत एका सकाळी तुमच्या दाराची कडी वाजली नाही. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, मुलांना ते माहीत आहे.

जलदान विधीसाठी फोटो हवा होता. तुमचा धड एक फोटो माझ्याकडे नव्हता. प्रत्येकात तुम्ही कडेला उभे, अर्धे कापलेले. म्हणून किल्ली घेऊन मी समोर गेले आणि तुमच्या बोर्डाखालचा रुंद, चपटा खण ओढला. फोटो नव्हता. ट्रेसिंग पेपरच्या शीट्स होत्या, एकावर एक, कडा जुळवलेल्या. प्रत्येकीला चारी बाजूंनी रेघ, उजव्या कोपऱ्यात खाली चौकट. चौकटीत तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लेखाचं नाव, महिना, 'काढले: वसंत', तारीख. आणि त्याखाली 'तपासले:' आणि पुढे कोरं.

जानेवारी. मार्च. मे. जुलै. सप्टेंबर. सप्टेंबरचा लेख तुम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपवला होता, मी तुम्हाला चहावर बोलत होते त्याच आठवड्यात. शिवाय एक एप्रिलचा, जो तुमच्याकडे नव्हताच. नोव्हेंबरच्या शीटला फक्त रेघ मारलेली आणि चौकटीत विषय: पाहुणे आले असताना हा खेळ कसा शिकवावा. विषय इतका साधा होता की मला रडायलाही निमित्त मिळालं नाही. शीट्सच्या शेजारी नवी लाल पेन्सिल होती, टोक काढून ठेवलेली. तुम्ही कधी लाल पेन्सिल वापरली नाहीत. ती माझ्यासाठी होती हे मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं विधीच्या दिवशी. भन्तेजी पुण्यानुमोदन करून गेले, मंडळी जेवली. तुमच्या एका मावसबहिणीने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "वसंता म्हातारपणी सापशिडी खेळायचा म्हणे?" मी हो म्हटलं, त्यापेक्षा जास्त बोलायची ताकद नव्हती. शेवटी तुमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले गायकवाड राहिले, तुमच्या शेजारच्या बोर्डावर बसायचे ते. त्यांना मी शीट्स दाखवल्या आणि म्हटलं, बघा, सात महिने लिहून ठेवलं आणि मला दिलं नाही.

गायकवाडांनी एक शीट उजेडात धरली. "ताई, दिलं नाही कसं? ह्या चेकिंगला ठेवलेल्या आहेत."

"ठेवलेल्या आहेत, पण माझ्याकडे कुठे आल्या?"

"शीट येत नसते. चेकर येतो." मग माझं तोंड बघून त्यांनी नीट सांगितलं. "आमच्यात काढणाऱ्याने शीट उचलून चेकरकडे न्यायची नाही. चुरगळते, आणि ते बरंही दिसत नाही. म्हणजे साहेबाच्या नाकासमोर नाचवल्यासारखं. आपण काढायची, खणात ठेवायची, लाल पेन्सिल ठेवायची आणि चेकरला सांगायचं, तयार आहे, या. तो त्याच्या सवडीने बोर्डापाशी येतो. वसंताने तुम्हाला सांगितलं नाही, या म्हणून?"

सांगितलं होतं. सात महिने सांगत होते.

आता माझी बाजू ऐका. मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे जो कागद टेबलावर आला नाही तो कागद नाहीच. तो कुणाच्या खणात आहे, कुणाच्या डोक्यात आहे, याच्याशी अधिकाऱ्याचा संबंध नसतो. अधिकाऱ्याने उठून दुसऱ्याच्या खणात हात घालणं म्हणजे तर झडतीच. ज्याचं काम त्याने सादर करायचं, मग मी बघेन. म्हणून मी म्हणत राहिले, आणा. तुम्ही म्हणत राहिलात, या. दोघांनाही वाटत होतं आपण समोरच्याचा मान ठेवतो आहोत. आणि मध्ये किती अंतर होतं, भाऊजी? दोन पायपुसणी आणि एक चपलांचं कपाट.

मला याचा इतका राग येतो की भांडी आपटली जातात. एक वाक्य पुरलं असतं. 'वहिनी, आमच्यात चेकर येतो.' चार शब्द. उसाशाचा व्यास किती, गाळ किती वर्षांत भरतो, हे तुम्ही मला पाऊण-पाऊण तास सांगितलंत. आणि मीही कधी विचारलं नाही की तयार आहे तर आणत का नाही, नेमकं अडलंय काय? मी फक्त तक्त्याकडे बोट दाखवलं. माझा क्रम मोडून फेब्रुवारीचा लेख पाठवून दिला असता तरी तुम्ही विचारलं असतंत, माझा न तपासता हा कसा गेला? आणि तिथेच उलगडा झाला असता. पण लाल शाईने लिहिलेला नियम मी मोडणार होते थोडीच.

विधी झाल्यावर आठवड्याने मी तुमच्या घरी गेले, एका खुर्चीवरची वर्तमानपत्रं खाली ठेवली आणि तपासायला बसले. गायकवाडांनी पद्धत सांगितली होती: बरोबर असेल तिथे लाल टिंब, चूक असेल तिथे लाल गोल. चेकरने खोडायचं नाही आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. दुरुस्ती काढणाऱ्याची. सगळे गोल दुरुस्त झाले की मगच चौकटीत सही.

जानेवारीची शीट. हा खेळ काय आहे. मला वाटलं होतं नियम चुकलेले असतील. चुकलेले नव्हते. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही हा खेळ आपल्या घरात का सुरू झाला ते लिहिलं आहे. पोरगा पुस्तक विसरून गेला म्हणून नव्हे, असं लिहिलं आहे. थोरला भाऊ गेल्यापासून समोरच्या घरात रविवारी सकाळी रेडिओ लागेनासा झाला होता, आठवड्याचे बाकीचे दिवस बाजार आणि बँक यांत निघायचे, रविवार निघत नव्हता. म्हणून रविवारी साडेसातला काहीतरी असणं गरजेचं होतं, काय ते महत्त्वाचं नव्हतं. भजनी मंडळही चाललं असतं, पण आमच्या वहिनींना ते चाललं नसतं.

मला वाटत होतं मी तुमच्यावर उपकार करते आहे. एकट्या माणसाला रविवारी उद्योग हवा, नातवंडांच्या निमित्ताने होतोय तर होऊ दे, असं मी मुलाला फोनवर सांगितलं होतं. त्या परिच्छेदावर टिंब द्यायचं की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. मग दिलं. बरोबर आहे ते. जानेवारीच्या शीटवर एकही गोल नाही. तिच्यावर मी सही केली.

बाकीच्यांवर गोल आहेत. मार्चमध्ये अंधारात चालण्याचा नियम तुम्ही स्वतःच्या सोयीने वाकवला आहे. मे महिन्यात तन्मयच्या पात्राचा भाला तुम्ही डाव्या हातात दिला आहे, तो उजव्या हातात धरतो. जुलैत एक वाक्य साडेनऊ ओळींचं आहे. हे गोल कोण दुरुस्त करणार? मी करू शकत नाही, पद्धत नाही. गायकवाडांना विचारलं, काढणारा नसेल तर काय करतात? ते म्हणाले, "मग शीट तशीच राहते ताई. सहीशिवाय."

आणि एप्रिल. एप्रिल माझा होता, तक्त्यात लिहिलेलं होतं: फासे, लिहिणार वहिनी. तुम्ही न सांगता त्यावर लिहून ठेवलंत, कारण ते भांडण तुम्हाला सोडवत नव्हतं. मलाही नव्हतं.

मैत्रेयीचं पात्र म्हणजे शेवंती, दिवा घेऊन पुढे चालणारी. गेल्या वर्षी ती उसाशात दोरावर लटकली होती. दहाच्या वर पडलं तर वाचेल, नाहीतर खाली पाण्यात, आणि तिथून परत यायचा रस्ता तुमच्या नकाशात नव्हता. तुम्ही पुठ्ठ्यामागे फासा टाकलात. मी शेजारी बसले होते. तीन पडले. तुम्ही पडद्याकडे बघून म्हणालात, "चौदा." कॅनडात आरडाओरडा झाला. मी मुलांसमोर काही बोलले नाही. पडदा बंद झाल्यावर बोलले.

"भाऊजी, तीन होते."

"होते."

"मग चौदा कसे?"

"वहिनी, अकरा वर्षांची पोर आहे. तिची शनिवारची संध्याकाळ आहे. तिला पाण्यात टाकू?"

"टाकायची नव्हती तर फासा कशाला टाकलात?"

"तिला आवाज ऐकू यावा म्हणून."

मी म्हटलं ही फसवणूक आहे. फासा सगळ्यांसमोर टाकावा, पडेल तो मान्य करावा, नाहीतर तिघांनी विचार करून काय करायचं ते ठरवण्याला अर्थ काय? तुम्ही म्हणालात, फोरमनने यंत्र थांबवायचं असतं, माणूस आत अडकलेला दिसत असताना नियम वाचायचा नसतो. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझा एप्रिलचा लेख त्याच्यावरच आहे आणि तुमचं नाव न घेता तुमच्यावर आहे. तुमचा माझ्यावर आहे, नाव घेऊन. 'आमच्या वहिनींच्या मते' अशी तीन वाक्यं सुरू होतात. त्या तिन्ही वाक्यांत तुम्ही माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं आहे. चौथ्या वाक्यात ते पाडलं आहे, ते मला मान्य नाही. पण न पटणं हे गोल करायचं कारण होत नाही. चेकरने चित्र आवडलं की नाही ते सांगायचं नसतं, बरोबर आहे की नाही तेवढं सांगायचं.

शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलं आहे, 'मी फासा एकदा खोटा सांगितला.' तिथे मी गोल केला आहे. एकदा नव्हे, तीनदा. एकदा शेवंतीसाठी, एकदा तन्मयचा भाला गाळात रुतला तेव्हा. आणि एकदा माझ्यासाठी, मी बंद झडप उघडायला गेले तेव्हा. दोन पडले होते, तुम्ही सतरा म्हणालात आणि माझ्याकडे बघितलं नाहीत. मला दिसलं होतं. त्या वेळी मी भांडले नाही. भाऊजी, तीन वेळांपैकी एकाच वेळी मी भांडले, हे तुमच्या लेखात असतं तर मी हरले असते. तुम्ही ते लिहिलं नाहीत. विसरलात की मुद्दाम गाळलंत, ते आता कुणाला विचारू?

मुलांनो, आता परत तुमच्याकडे.

मैत्रेयी, शेवंती तेव्हा वाचायला नको होती. तुला आत्ता कळलं. आजोबांवर रागावायचं असेल तर रागाव, माझी हरकत नाही, मी स्वतः रोज रागावते. नळात पुढे काय होतं आणि पाणी का बंद झालं, ते मी खणात, बोर्डामागे, पुस्तकाच्या पानांत सगळीकडे शोधलं. कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही दोघं आणि मी तिसऱ्या टाकीपाशी उभे आहोत. गोष्ट मला चालवता येत नाही. मला नियम येतात, आणि तेवढ्याने चालत नाही हे मला चार वर्षांत कळलं आहे. तुमच्यापैकी कुणाला चालवायची असेल तर नकाशा पाठवते, पण हे मी ठरवायचं नाही, तुम्ही ठरवा.

तन्मय, पान बंद करू नकोस. चौकात झेरॉक्सवाला आहे, त्याच्याकडे मोठ्या शीट्स स्कॅन होतात. त्याला मी स्वतः उभी राहून करायला लावल्या आहेत. त्या टाइप करायच्या नाहीत. जशा आहेत तशा लावायच्या, रेघेसकट, चौकटीसकट, लाल गोलांसकट. लोक विचारतील चुका माहीत होत्या तर दुरुस्त का केल्या नाहीत. विचारू देत. माझे लेख टाइप केलेले आहेत, ते पाठवते. आधीचा गेल्यावर चार दिवसांनी पुढचा लाव, महिनाभर थांबू नकोस. तक्ता मी फाडला नाही, पण भिंतीवरून काढला आहे.

बारा ठरले होते. दहा आहेत. सहा त्यांचे, चार माझे. ऑक्टोबरचा मी अजून लिहिलेला नाही, डिसेंबरचाही नाही. नोव्हेंबरच्या शीटवर नाव आणि रेघ आहे. त्यांच्या सहांपैकी एकावर सही आहे, पाचांवर नाही आणि आता होणारही नाही. एप्रिलचे दोन लेख आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दोन्ही लावायचे.